खानदेशातील अन्नसाठवण

खानदेशातील अन्नसाठवण म्हणजे महाराष्ट्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत धान्य, कडधान्ये, वाळवणाचे पदार्थ, भाज्या व फळे वर्षभर टिकवण्याच्या पारंपरिक आणि आधुनिक पद्धती होत. थंड प्रदेशांत अन्न टिकवण्याचे मुख्य साधन थंडी असते आणि टंचाईचा काळ हिवाळा असतो. खानदेशात हे चित्र उलटे आहे. येथे अन्न टिकवण्याचे मुख्य साधन उन्हाळ्यातील कोरडे ऊन आहे आणि ज्या काळासाठी साठा करावा लागतो तो पावसाळा आहे. त्यामुळे या भागातील बहुतेक पद्धतींचा उद्देश अन्न गार ठेवणे हा नसून ते कोरडे करणे व कोरडे राखणे हा असतो. साठ्यात राहिलेल्या किंवा नंतर शिरलेल्या ओलाव्यामुळे कीड, बुरशी व बुरशीजन्य विषे निर्माण होतात. म्हणून हा विषय आहाराप्रमाणेच सार्वजनिक आरोग्याशीही निगडित आहे.

== हवामान आणि साठवणीचा काळ ==

खानदेश हा तापी नदी व तिच्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर इत्यादी उपनद्यांच्या खोऱ्यांचा प्रदेश आहे. उत्तरेस सातपुडा पर्वत आहे. ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला.

प्रदेशाच्या मोठ्या भागात पाऊस मध्यम ते कमी असून तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एप्रिल व मे महिन्यांत कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. मोसमी पाऊस सुरू झाल्यावर तापमान उतरते, परंतु हवेतील आर्द्रता एकदम वाढते. हिवाळा कोरडा असतो व काही रात्री किमान तापमान १० अंशांच्या खाली जाते.

या हवामानानुसार घरातील साठवणीचे वेळापत्रक ठरते. खरिपाचे धान्य दिवाळीच्या सुमारास घरात येते. दादर म्हणून ओळखली जाणारी रब्बी ज्वारी, गहू व हरभरा फाल्गुन-चैत्रात येतात. चैत्र-वैशाखात धान्याला ऊन देणे, डाळी करणे, मसाले कुटणे, लोणची घालणे व वाळवण करणे ही कामे होतात. खानदेशात आखाजी या नावाने साजरा होणारा अक्षय्य तृतीयेचा सण याच हंगामात येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृग नक्षत्र लागण्यापूर्वी सर्व साठा बंद करून ठेवण्याची रीत आहे. या साठ्याला पावसाळ्याची बेगमी म्हणतात.

पूर्वी या बेगमीचा संबंध केवळ पावसाळ्याशी नव्हता. पाऊस चुकल्यास पुढील पीक येईपर्यंत हाच साठा पुरवावा लागे. १८९९-१९०० च्या दुष्काळाची आणि १९७२ च्या महाराष्ट्रव्यापी दुष्काळाची झळ या प्रदेशालाही बसली होती.

== अन्न नासण्याची कारणे ==

अन्न नासण्यामागे सूक्ष्मजीव, कीटक, उंदीर आणि अन्नातील अंगभूत रासायनिक बदल ही प्रमुख कारणे असतात. या सर्वांवर तापमान व ओलावा यांचा परिणाम होतो.

=== ओलावा ===

अन्नात एकूण पाणी किती आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांना त्यातील किती पाणी वापरता येते, हे अधिक महत्त्वाचे असते. या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ धरली जाते. हे मूल्य सुमारे ०.९० च्या खाली गेल्यावर बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. ०.७० च्या खाली बहुतेक बुरशी वाढू शकत नाहीत आणि ०.६० च्या खाली कोणतीही सूक्ष्मजैविक वाढ होत नाही. वाळवणे, मीठ घालणे व साखर किंवा गूळ घालणे या तिन्ही कृतींनी हे मूल्य उतरते. त्यामुळे पापड, लोणचे व मुरांबा हे वरकरणी भिन्न पदार्थ एकाच तत्त्वावर टिकतात.

कोरडे धान्य हवेतील ओलावा शोषून घेते. साधारण ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत उघडे राहिलेले धान्य कालांतराने १३ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत पोहोचते. पावसाळ्यातील हवा बराच काळ याहून अधिक दमट असते. उन्हाळ्यात नीट वाळवलेले धान्यही उघडे ठेवल्यास ऑगस्टपर्यंत असुरक्षित होते, ते याच कारणाने.

=== कीड ===

साठवणीतील किडींमध्ये गहू व ज्वारीतील सोंडकिडा, गव्हातील खपरा भुंगेरा, पिठातील तांबडा भुंगेरा आणि कडधान्यांवरील भुंगेरा यांचा समावेश होतो. कडधान्यावरील भुंगेऱ्याची लागण अनेकदा शेतातच होते. मादी शेंगांवर किंवा दाण्यांवर अंडी घालते व अळी दाण्याच्या आत वाढते. उबदार हवेत तिचे जीवनचक्र सुमारे ३ ते ४ आठवड्यांत पूर्ण होते. त्यामुळे काढणीच्या वेळी नगण्य वाटणारी लागण काही महिन्यांत संपूर्ण साठा पोखरू शकते. सुमारे ५० अंशांहून अधिक तापमानात बहुतेक साठवण किडी मरतात. वैशाखात काळ्या किंवा गडद पृष्ठभागावर पातळ थरात पसरलेले धान्य या तापमानापर्यंत पोहोचू शकते.

=== खवटपणा ===

स्निग्ध पदार्थ असलेले अन्न कोरडे असूनही खवट होते. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश तुलनेने अधिक असतो. दळल्यावर त्यातील विकरे स्निग्धांशाचे विघटन करू लागतात आणि पीठ काही दिवसांत कडवट होते. यामुळे बाजरी थोडी थोडी दळण्याची पद्धत आहे. न दळलेली बाजरी मात्र बराच काळ टिकते. भुईमूगही सोललेल्या दाण्यांपेक्षा शेंगेत अधिक टिकतो, कारण टरफल दाण्याचे हवा व किडीपासून काही प्रमाणात रक्षण करते.

== धान्य व कडधान्यांची साठवण ==

धान्य साठवण्याची पारंपरिक साधने पुढीलप्रमाणे आहेत.

* कणगी: तुरीच्या काड्या किंवा बांबूच्या कामट्या विणून केलेली उंच, गोल कोठी. तिला आतून-बाहेरून माती व शेणाचा लेप देतात. लेप वाळल्यावर धान्य भरून तोंड लिंपून घेतात.
* बळद: घराच्या भिंतीत किंवा घराच्या आत जमिनीखाली बांधलेली धान्याची जागा.
* पेव: कठीण व पाणी न धरणाऱ्या जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद असलेला खड्डा. तळाशी व कडेने कडब्याचा किंवा भुशाचा थर देऊन त्यात धान्य भरतात व तोंड मातीने बंद करतात.
* रांजण व मडकी: बियाणे, डाळी व थोड्या प्रमाणातील धान्यासाठी वापरली जाणारी मातीची भांडी.

पेवाची परिणामकारकता त्यातील हवेच्या बदलावर अवलंबून असते. बंद पेवात धान्य व कीटक यांच्या श्वसनामुळे प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. या स्थितीत कीटक जगू शकत नाहीत. हवाबंद पिशव्यांत धान्य साठवण्याच्या आधुनिक पद्धतीचे तत्त्वही हेच आहे. पेवाचा मुख्य दोष म्हणजे जमिनीतून झिरपणारा ओलावा होय. त्यामुळे कडेचे धान्य अनेकदा काळे पडते व त्याला वास येतो.

कीड रोखण्यासाठी धान्यात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालणे, कडधान्यांत गोवऱ्यांची चाळलेली राख मिसळणे आणि गहू व तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवणे हे उपाय प्रचलित आहेत. राखेमुळे दाण्यांमधील पोकळ्या भरल्या जातात व भुंगेऱ्यांच्या हालचालीस अडथळा होतो. तेलाच्या थरामुळे दाण्याच्या पृष्ठभागावर घातलेली अंडी मरतात. तुरीची व हरभऱ्याची डाळ करून ठेवणे हाही साठवणीचाच एक उपाय आहे, कारण कडधान्यावरील भुंगेरा अख्ख्या दाण्यात जितका सहज वाढतो तितका डाळीत वाढत नाही.

सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजांत नागली, मोर यांसारखी भरडधान्ये आणि मोहाची वाळवलेली फुले साठवली जातात. नागलीचा दाणा अतिशय लहान व टणक असल्याने तिला किडीचा उपद्रव कमी होतो. योग्य रीतीने ठेवल्यास ती अनेक वर्षे टिकते. या गुणामुळे ती टंचाईच्या काळातील आधाराचे धान्य मानली जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार झाला. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा कोठीत मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून ओलावा अडवला जातो. सार्वजनिक साठवणीसाठी १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले.

== वाळवणाचे पदार्थ ==

पापड, कुरडया, बिबडे, शेवया, सांडगे, वडे व वाळवलेल्या भाज्या यांना एकत्रितपणे वाळवण म्हणतात.

=== बिबडे ===

बिबडे हा खानदेशातील वैशिष्ट्यपूर्ण पदार्थ ज्वारीपासून करतात. ज्वारी काही दिवस भिजवून आंबवली जाते. नंतर ती भरडून किंवा दळून मीठ, तीळ, लसूण, मिरची इत्यादी घालून शिजवतात. शिजलेल्या घट्ट पिठाचे ओल्या कापडावर पातळ बिबडे थापून ते कडक उन्हात वाळवतात. आंबवण्याच्या काळात लॅक्टिक आम्ल तयार होऊन पिठाची आम्लता वाढते. आम्लता, शिजवणे, मीठ व वाळवणे अशा चार टप्प्यांमुळे पदार्थ टिकाऊ होतो.

=== कुरडई ===

कुरडईसाठी गहू साधारण ३ दिवस भिजवतात व पाणी रोज बदलतात. भिजलेला गहू वाटून व गाळून त्याचा चीक काढतात. चीक तळाशी बसल्यावर वरचे पाणी ओतून देतात, चीक शिजवतात आणि सोऱ्यातून कुरडया पाडतात. या प्रक्रियेत कोंडा, अंकुर व त्यांतील स्निग्धांश बाजूला निघून मुख्यतः स्टार्च उरतो. त्यामुळे पूर्ण वाळलेली कुरडई सहसा खवट होत नाही.

=== वाळवण्यातील कसोट्या ===

वाळवणाचे यश पहिल्या दोन दिवसांवर अवलंबून असते. पृष्ठभाग कोरडा व आतील भाग ओला राहिल्यास पदार्थ वाळल्यासारखा दिसतो, परंतु डब्यात भरल्यावर आतील ओलावा बाहेर येऊन बुरशी लागते. यासाठी वाळवण उलटवणे, रात्री झाकणे किंवा घरात घेणे आणि डब्यात भरण्यापूर्वी पुन्हा एकदा ऊन देणे आवश्यक असते. पूर्ण वाळलेला पापड वगळता इतर वाळवण मोडल्यावर कटकन आवाज येतो. उडीद-मुगाच्या पापडात थोडा लवचीकपणा राहतो. पदार्थ गरम असताना डबा बंद केल्यास झाकणाच्या आत पाणी साचते, म्हणून तो आधी निवू दिला जातो.

एप्रिल-मे महिन्यांतील अवकाळी पाऊस हा वाळवणाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. घरगुती वाळवणासोबतच पापड, बिबडे व कुरडया करून विकणाऱ्या महिला बचत गटांचेही अशा पावसाने नुकसान होते. यावर उपाय म्हणून सौर वाळवणी यंत्रांचा वापर केला जातो. त्यात पदार्थ पारदर्शक आच्छादनाखाली राहतो, त्यामुळे पाऊस, धूळ व माश्यांपासून त्याचे रक्षण होते.

== भाज्या, मिरची व कांदा ==

हिवाळ्यात विपुल असणारा हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवतात व उन्हाळ्यात त्याची भाजी करतात. गवारीच्या शेंगा, मेथी व कैरीच्या फोडीही वाळवल्या जातात. याउलट भरताची वांगी साठवली जात नाहीत. 'जळगाव भरीत वांगी' हे २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळालेले वाण मुख्यतः हिवाळ्यात ताजे खाल्ले जाते.

नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. ओली लाल मिरची मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवली जाते. या मैदानांना पथारी म्हणतात. वाळत असलेल्या मिरचीवर पाऊस पडल्यास तिचा रंग जातो, ती पांढरी पडते व तिच्यावर बुरशी वाढते.

कांद्याच्या साठवणीत वाण व हंगाम निर्णायक असतात. खरीप कांद्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो फार टिकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत निघणारा रब्बी किंवा उन्हाळी कांदा हवेशीर चाळीत ५ ते ६ महिने ठेवता येतो. कांदा चाळ जमिनीपासून उंच उचललेली असते आणि तिच्या तळातून व बाजूंनी हवा खेळती राहते. साठवणीपूर्वी कांदा सुकवून त्याची मान पूर्ण मिटू देणे आवश्यक असते. चाळीत कांद्याचे नुकसान वजनातील घट, सड व कोंब येणे अशा तीन प्रकारे होते. सड मुख्यतः पावसाळ्यात वाढते. जळगाव येथे कांदा निर्जलीकरणाचा उद्योगही विकसित झाला असून त्यात कांद्याचे वाळलेले काप व भुकटी तयार केली जाते.

== केळी ==

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा व मुक्ताईनगर हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध आहेत. 'जळगाव केळी' या उत्पादनास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले.

केळी हे थंडीने नासणारे फळ आहे. सुमारे १३ अंशांपेक्षा कमी तापमानात सालीतील पेशींना इजा होते. साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही. त्यामुळे केळीची वाहतूक व साठवण १३ ते १४ अंशांवर केली जाते. घरगुती शीतकपाटात ठेवलेली कच्ची केळी काळी पडतात व कडक राहतात, याचे कारण हेच आहे. कडाक्याच्या हिवाळ्यात शेतातील केळीच्या घडांनाही अशी इजा पोहोचते.

केळी पिकवण्यासाठी बंद खोलीत नियंत्रित तापमानात इथिलीन वायू दिला जातो. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे, कारण औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात.

== आरोग्यविषयक धोके ==

=== बुरशीजन्य विषे ===

ॲस्परजिलस फ्लेव्हस व तिच्याशी संबंधित बुरशींपासून अफलाटॉक्सिन नावाची विषे तयार होतात. मका, भुईमूग, मिरची व सरकी यांवर या बुरशी वाढतात. ही सर्व पिके खानदेशात घेतली जातात. अफलाटॉक्सिनचा शोध १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे १ लाख टर्की पक्षी मरण पावल्यानंतर लागला. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाची पेंड दूषित होती.

भारतात १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत कावीळ व जलोदराची साथ पसरली. अवकाळी पावसात भिजलेला व नीट न वाळवता साठवलेला मका हे तिचे कारण होते. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जणांचा मृत्यू झाला. तोच मका खाणारे कुत्रेही दगावले. साठवणीतील एका चुकीचा परिणाम किती गंभीर असू शकतो, याचे हे पश्चिम भारतातील सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आहे.

अफलाटॉक्सिन शिजवण्याने किंवा भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. बुरशी पुसून, धुऊन किंवा ऊन देऊन काढली तरी विष दाण्यात राहते. दीर्घकाळ अल्प प्रमाणात सेवन झाल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दुभत्या जनावरांना दूषित पेंड किंवा मका दिल्यास विषाचा अंश दुधात उतरतो. त्यामुळे माणसांनी खाण्यास अयोग्य ठरलेले धान्य जनावरांना घालणेही सुरक्षित नसते.

=== शिजवलेले अन्न ===

सुमारे ५ ते ६० अंश या तापमानात जिवाणू वेगाने वाढतात. सर्वसाधारणपणे शिजवलेले अन्न २ तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये असे सांगितले जाते. हवेचे तापमान ३२ अंशांहून अधिक असल्यास ही मर्यादा १ तास मानली जाते. खानदेशात उन्हाळ्याच्या बहुतेक दिवसांना दुसरी मर्यादा लागू पडते. खिचडी व भात यांत बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहू शकतात. अन्न बाहेर राहिल्यास त्यांपासून जिवाणू वाढून विष तयार करतात. वांती घडवणारे हे विष अन्न पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. वीज गेल्यास न उघडलेले शीतकपाट सुमारे ४ तास पुरेसे थंड राहते.

=== विषारी वायू ===

बऱ्याच काळाने उघडलेल्या पेवात किंवा बळदात प्राणवायूचा अभाव असतो. त्यात लगेच उतरल्यास माणूस बेशुद्ध पडून मृत्युमुखी पडू शकतो. पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवण्याची व उतरण्यापूर्वी आत दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत होती. दिवा विझल्यास पेव असुरक्षित समजले जाई. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या धुरीकरणाच्या गोळ्या याहून अधिक घातक आहेत. हवेतील ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू बाहेर पडतो. भारतात त्यांच्या वापरावर निर्बंध असून राहत्या घरात त्या वापरणे प्राणघातक ठरू शकते.

== साठवणीची मानके ==

साठवणीपूर्वी राखावयाचा कमाल ओलावा आणि प्रमुख धोके साधारणपणे पुढीलप्रमाणे मानले जातात.

| पदार्थ | कमाल ओलावा | प्रमुख धोका |
|---|---|---|
| ज्वारी, गहू, बाजरी | १२ टक्के | सोंडकिडा, खपरा भुंगेरा |
| मका | १२ ते १३ टक्के | अफलाटॉक्सिन |
| तूर, मूग, उडीद, हरभरा | १० ते १२ टक्के | कडधान्यावरील भुंगेरा |
| भुईमूग शेंगा | ८ ते ९ टक्के | अफलाटॉक्सिन, खवटपणा |
| लाल मिरची | १० ते ११ टक्के | बुरशी, रंग जाणे |

== सद्यस्थिती ==

सार्वजनिक वितरण व्यवस्था, बारमाही बाजार आणि शीतकपाटे यांमुळे वर्षभराचा साठा करण्याची गरज शहरी भागात कमी झाली आहे. कणगी व पेव यांचा वापर दुर्मीळ झाला असून त्यांची जागा पत्र्याच्या कोठ्या, प्लॅस्टिकची पिंपे व पोती यांनी घेतली आहे. वाळवणाचे पदार्थ मात्र घरगुती वापराबरोबरच विक्रीसाठीही मोठ्या प्रमाणात तयार होतात. साधने बदलली तरी साठवणीचा मूळ नियम कायम आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात बाहेरचा ओलावा शिरत नाही, परंतु आत राहिलेला ओलावा बाहेरही पडत नाही. त्यामुळे अपुरे वाळलेले धान्य कणगीपेक्षा बंद पिंपात लवकर बुरशीते.

== हे सुद्धा पहा ==

* खानदेश
* अक्षय्य तृतीया
* पापड
* कुरडई
* भरीत
* कांदा चाळ
* अफलाटॉक्सिन